बाहेरून बी.ए.

नवऱ्याला मी चारचौघांत ‘अहो’ म्हणते. इथे लिहिताना मात्र ‘तो’ म्हणणार आहे. इतकी वर्षं मान देऊन झाला, आता दोन-चार पानं तरी मला मोकळेपणी बोलू द्या.

माझं माहेर शिनोलीचं. घोडेगावला जाऊन बारावी केली, मार्क चांगले पडले आणि नेमका तोच घात झाला. मुलगी जास्त शिकली तर तोलामोलाचं स्थळ मिळायचं नाही, असं भावकीतल्या सगळ्यांना एकदम सुचलं. वडील माझ्या बाजूचे होते, पण भावकीपुढे त्यांचं फार चालायचं नाही. बोरी बुद्रुकचं स्थळ आलं. पाण्याखालची, बागायती जमीन, टोमॅटो, कांदा, ऊस, घरात ट्रॅक्टर. नाकारायला काही कारणच सापडेना.

आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं. मानपान, कापडचोपड, वऱ्हाड किती येणार, हे सगळं दोन्हीकडच्या माणसांसमोर बोलून घेतात आणि मग सुपारी फोडतात. त्या बैठकीत दिलेला शब्द कोणी फिरवत नाही. फिरवला तर पुढच्या प्रत्येक सोयरिकीत तो निघतो. माझ्या सुपारीत वडिलांनी मानपानाचं काहीच ताणून धरलं नाही. सगळं संपत आल्यावर ते एवढंच म्हणाले, “पोरगी हुशार हाये. तिला फुडं शिकवा. येवढा येकच शब्द द्या आमाला.”

सासरे लगेच म्हणाले, “शिकवू की! शिकल्याली सून आमाला नकू व्हय?”

सुपारी फुटली. मी आत बायकांच्या घोळक्यात बसले होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. वडिलांनी माझ्यासाठी बाकी सगळं सोडून हे एकच मागितलं होतं आणि ते मिळालं होतं. त्या दिवशी माझ्याइतकी श्रीमंत मुलगी आंबेगाव तालुक्यात नसेल.

लग्नानंतरची पहिली वर्षं टोमॅटोत गेली. टोमॅटोला थांबणं माहीत नसतं. एकदा तोडा सुरू झाला की दिवसाआड बायका लावायच्या, माल निवडायचा, पिकलेला वेगळा, कच्चा वेगळा, कॅरेट भरायचे आणि गाडी नारायणगावच्या मार्केटला वेळेत पोचवायची. मजूर बायकांवर लक्ष ठेवायला घरची बाई लागते, आणि घरची बाई म्हणजे मी. सासूबाईंचे गुडघे गेले होते. मुलगा झाला, तो चालायला लागला, तरी शिक्षणाचं नाव कोणी काढेना. मीही काढलं नाही. शब्द दिलेला आहे, तो कुठे पळून जातो, असं मला वाटायचं.

मग एक दिवस अंगणवाडीच्या ताई आमच्या माल निवडायच्या शेडवर आल्या. त्या आमच्या गावातल्याच, बौद्धवस्तीत राहायच्या. माझ्या मुलाला अंगणवाडीत सोडता-सोडता आमची गट्टी जमली होती. त्या धापा टाकतच म्हणाल्या, “आगं, नारायणगावला मुक्त विद्यापीठाचं केंद्र निघालंय. घरबसल्या पुस्तकं देत्यात, आन रव्वारी वर्ग असतोय. मास्तर येत्यात शिकवायला. आपुन दोघी जाऊ. जीपनं सकाळी जायाचं, दुपारी परत.”

मला हसू आवरेना. रविवारचा वर्ग! मला पदवी पाहिजे होती हे खरंच, पण त्याहून जास्त मला बाकावर बसायचं होतं. वही उघडायची होती. कोणीतरी फळ्यावर लिहितंय आणि मी ते उतरवून घेतेय, शेजारची माझ्या वहीत डोकावतेय, असं काहीतरी मला पाहिजे होतं. आठवड्यातून अर्धा दिवस मला कोणी कॅरेट किती भरले ते विचारणार नव्हतं.

संध्याकाळी जेवायला वाढताना मी नवऱ्याला सांगितलं. सुपारीतला शब्द काढावा लागेल असं वाटलं होतं, पण तो चिडला नाही. उलट हातातला घास तसाच ठेवून विचारात पडला. म्हणाला, “थांब. चौकशी करतो. असं कायबी उचलून न्हाई चालायचं. डिग्री म्हंजी जन्माची गोष्ट.”

आणि त्यानं खरंच चौकशी केली. शहरात त्याचा एक पाव्हणा ऑफिसात होता, त्याला भेटून आला. जुन्नरच्या एका प्राध्यापकाला गाठलं. मग एका दुपारी शेडवर, सासऱ्यांसमोर, त्यानं निकाल दिला. “ती मुक्तची डिग्री हलकी. उद्या नोकरीला गेली तर इचारत्याल, कुठली हाये? मुक्तची म्हणलं की बाजूला ठिवत्याल. त्यापरीस शहरातल्या जुन्या विद्यापीठाची घे, बाहेरून. फॉर्म भरायचा, घरी अभ्यास करायचा, जुन्नरला जाऊन परीक्षा द्यायची. सर्टिफिकिटावर नाव मोठं. माझ्या बायकोची डिग्री मोठ्या नावाचीच पायजेल.”

‘माझ्या बायकोची डिग्री.’ हे तो असं म्हणाला की सासरेही मान हलवायला लागले. मी पदर तोंडाला लावून आत गेले, कारण डोळे भरून आले होते. या घरात मला कॅरेट मोजणारी बाई समजत नाहीत, माझ्या डोक्याची किंमत करणारा एक तरी माणूस इथे आहे, आणि तो माझा नवरा आहे, असं मला त्या दिवशी वाटलं. पुढची कितीतरी वर्षं मी याच एका समजुतीवर जगले. तो कधी ओरडला, कधी चारचौघांत तोडून बोलला, तरी मी मनात म्हणायची, असू दे, याला माझी किंमत आहे.

आणि नावाची भुरळ मलाही पडलीच की, नाही कशाला म्हणू! शिनोलीत कोणाकडे त्या विद्यापीठाची पदवी होती? ताईंना सांगताना माझा आवाजही थोडा चढला असणार. त्या म्हणाल्या, “चांगलंच हाये की. नाव मोठं हाये. पन समदं येकटीनंच करनार?”

“बाहेरून करायचं म्हणजे एकटीनंच,” मी म्हणाले.

ताई मग दर रविवारी एकट्याच गेल्या. जीपची वाट बघायला त्या आमच्या शेडच्या वळणावर थांबायच्या, खांद्याला कापडी पिशवी. मी कॅरेटमागून हात करायची. रविवारी मजूर बायका हमखास मिळायच्या, त्यामुळे आठवड्यातला मोठा तोडा बहुतेक रविवारीच असायचा.

बाहेरून शिकणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पुस्तक असतं, पण ते बरोबर कळलंय की चुकीचं, हे सांगणारं माणूस नसतं. नवरा मात्र गाइडं आणून द्यायचा. शहराच्या मार्केटला गाडी गेली की येताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेऊन यायचा, कधी कधी मागच्या वर्षीची, कधी दुसऱ्याच विषयाची. मला तेवढ्याचंही कौतुक. अर्थशास्त्रातली मागणी आणि पुरवठा मला टोमॅटोवरून पटकन कळली, पण पुढचं काही केल्या कळेना. दुपारी शेडमध्ये पालथ्या कॅरेटवर बसून मी मोठ्यानं वाचायची आणि मजूर बायका म्हणायच्या, “वैनी, आमालाबी सांगा की काय म्हंतंय पुस्तक.” मी काय सांगणार, कपाळ!

पहिल्या वर्षी मी दोन विषयांत उडाले. तेही अशा मूर्खपणानं की आठवलं की अजून जीव जळतो. पेपरात असायचं, ‘टीपा लिहा’. टीप म्हणजे छोटी असणार, म्हणून मी प्रत्येक टीप दोन-दोन ओळींत उरकली आणि वेळ उरला म्हणून खिडकीतून शिवनेरी बघत बसले. ताईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. “आगं बया, टीप म्हंजी पान-दीड पान लिवायचं आसतंय! आमच्या सरांनी पयल्याच रव्वारी सांगितलं.” सगळ्या दुनियेला माहीत असलेली गोष्ट मला एक वर्ष घालवून कळली.

निकाल ऐकून नवरा अगदी मऊ झाला. म्हणाला, “जाऊ दे. न्हाई झेपत तर सोड. घरी काय कमी हाये तुला?” मी त्या मऊपणानं आणखीच विरघळले. त्याची मान खाली जायला नको म्हणून पुन्हा बसले. सोडायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. इतका विश्वास टाकणाऱ्या माणसाला मी काय तोंड दाखवणार होते?

रडतखडत, एटीकेटी घेत, मध्ये मुलीच्या बाळंतपणात एक वर्ष बुडवून, मी बी.ए. झाले. गावात सत्कार झाला. शाळेच्या पटांगणात मला शाल-नारळ दिला, सरपंचांनी भाषणात विद्यापीठाचं नाव इतक्या वेळा घेतलं की ते विद्यापीठ बोरीतच काढलंय असं वाटावं. नवरा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत माझ्या शेजारी उभा होता. तो फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला, आल्यागेल्याला पहिला दिसेल असा. भावकीतल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर माझ्या नावापुढे बी.ए. छापून यायला लागलं.

त्या पदवीचं मी पुढे काय केलं? काही नाही. नोकरीची जाहिरात आली की अर्ज पाठवायची मुदत टळलेली असायची, किंवा मुलाखतीच्या दिवशी नेमका तोडा असायचा. मोठं नाव भिंतीवर होतं आणि मी शेडमध्ये. ताईंची ‘हलकी’ पदवी माझ्या आधीच हातात आली होती. वर्गातल्या एका बाईनं त्यांना खात्यातल्या परीक्षेचं सांगितलं, चौघींनी मिळून अभ्यास केला आणि ताई पर्यवेक्षिका झाल्या, जुन्नरला राहायला गेल्या. विद्यापीठ कुठलं, असं त्यांना कोणी विचारलं नाही. मला वाईट वाटलं, पण मी स्वतःला समजावलं की नशीब त्यांचं, पण नाव माझं मोठं. माणूस स्वतःची समजूत किती छान काढतो!

दोन हजार सालानंतर कधीतरी धाकट्या दिराचं लग्न ठरलं. मुलगी वारूळवाडीची, बारावी झालेली, बोलायला चुणचुणीत. सुपारीच्या बैठकीत तिच्या वडिलांनी तेच मागितलं जे माझ्या वडिलांनी मागितलं होतं. आणि माझ्या सासऱ्यांनी तसंच, तेवढ्याच मोठ्या मनानं, होय म्हटलं. मी यावेळी बाहेर बसले होते. थोरली सून, वर बी.ए. मला खूप भरून आलं.

दुसऱ्या दिवशी शेडवर माल निवडायचं काम चाललं होतं. मी, नवरा, दीर आणि कामाच्या बायका. दीर काळजीत होता. म्हणाला, “दादा, आबांनी शब्द दिऊन टाकला. आता ती म्हणनार, रव्वारी नारायणगावला वर्गाला जाते. मंग हितं कोन बघनार?”

नवरा टोमॅटो निवडत होता. त्यानं मान वरही केली नाही. हसत म्हणाला, “येडा का काय तू? शब्द दिलाय तर पाळायचा. पन मुक्तला न्हाई घालायची. मोठ्या विद्यापीठाला बाहेरून बसवायची. नावबी मोठं, तुझा सासरा बी खूश, आन बाई घरातच. न वर्ग, न जीप, न मैतरनी. ही न्हाई का बसली? इचार हिला. येक रव्वार तरी गेली का कुठं?”

आणि माझ्याकडे बघून त्यानं डोळा मारला. जणू आम्ही दोघांनी मिळून ते ठरवलं होतं.

तो लपवून बोलला असता तर मला वाटतं थोडं बरं वाटलं असतं. चोरून बोलणाऱ्याला निदान आपण चोरी केली हे माहीत असतं. याला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. पाण्याची पाळी कशी लावायची, माल कुठल्या दिवशी न्यायचा, तशी ही एक सोय त्यानं लावली होती आणि ती नीट बसली म्हणून तो भावाला सांगत होता. बायका हसल्या. दीर हसला. मी हातातला टोमॅटो कच्च्याच्या कॅरेटमध्ये टाकला की पिकलेल्याच्या, मला आठवत नाही.

दोन-चार दिवसांनी मी ठरवलं की त्या मुलीला सांगायचं. माझं झालं ते झालं, हिचं होऊ द्यायचं नाही. बस्त्याच्या दिवशी संधी मिळाली. लग्नाचं कापड घ्यायला दोन्ही घरची माणसं नारायणगावच्या दुकानात जमली होती. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग, पुरुष बाहेर चहाला. मी नवरीच्या शेजारी सरकून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “शिकायचं असेल तर मुक्तलाच नाव घाल. बाहेरून बसू नकोस. नावाच्या नादाला लागू नकोस. रविवारच्या वर्गाला जायचं, हे लग्नाआधीच वडिलांना बोलून घ्यायला सांग.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “पन ताई, तुमचीच तर मोठ्या विद्यापीठाची हाये!”

“म्हणूनच सांगतेय.”

तिच्या आईनं ते ऐकलं. तिच्या हातात शालू होता, तो तिनं खाली ठेवला. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द लागेल असा बोलली, “जाऊबाई व्हायच्या आधीच सुरुवात केली व्हय? आवं, तुमच्या सत्काराचा फोटू बघूनच तर हिच्या बापानं ह्ये घर पसंत केलं. थोरल्या सुनंला येवढं शिकवलं, आपल्या पोरीलाबी शिकवतील, म्हणून. आन आता तुमीच म्हणता हिला हलकी डिग्री घेऊ द्या? तुमच्या तोडीची कुनी नकू का घरात?”

दुकानदारानं मोठ्या चतुराईनं नवा गठ्ठा उघडला. बाकीच्या बायका माझ्याकडे बघायच्या थांबल्या, ते बघण्याहून वाईट होतं. मुलगी खाली मान घालून साडीचा काठ चाचपत होती. मी पुढे काय बोलणार होते? मला फसवलंय, असं सोयऱ्यांसमोर, बस्त्याच्या गादीवर बसून सांगणार होते? आणि सांगितलं असतं तरी भिंतीवर तो फोटो होताच. त्यात मी हसतेय. खरंखुरं हसतेय.

परत जाताना बाकीचे जीपनं निघाले. माल भरायचा होता म्हणून नवरा मोटारसायकलवर पुढे निघाला, मला मागे बसवून. ऊन कलत होतं. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं असावं. वारूळवाडी मागे पडल्यावर तो म्हणाला, “पोरीला काय सांगत व्हतीस?”

मी म्हणाले, “ते राहू द्या. मला एक सांगा. तुमी माझ्यासाठी मोठं नाव निवडलं, तवा तुमाला माझा अभिमान व्हता का नव्हता?”

गाडीच्या आवाजात त्याला आधी ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्यानं गाडीचा वेग कमी केला. राग नव्हता त्यात. तो खरोखर आठवत होता. खोटं बोलायचा त्याचा स्वभावच नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

“व्हता की,” तो म्हणाला. “पास झाल्यावर लई वाटला.”

“आन त्याच्या आधी?”

“आधी?” तो हसला. “आधी वाटलं व्हतं, पयल्याच वर्षाला नापास व्हशील आन गप बसशील. म्हणून तर आवघड बगून दिली. तू चिवट निघालीस, राव.”

त्यानं ते कौतुकानंच म्हटलं. गाडी चालवता-चालवता त्यानं डावा हात मागे आणून माझ्या गुडघ्यावर थोपटलंसुद्धा. मी त्याच्या खांद्यावरचा माझा हात काढून घेतला आणि मागची लोखंडी जाळी धरली. रस्ता खराब होता, खड्डे चुकवत तो म्हणाला, “नीट धर, पडशील.” मी नीटच धरलं होतं. तेव्हापासून मी त्याच्या गाडीवर तशीच बसते.